मौनीचा अधिवास

नागपुरात पारा सत्तेचाळीसवर गेला होता आणि आमरी संवर्धन केंद्रात बोर्निओच्या डोंगरावरचा पाऊस झिमझिमत होता. शेजारच्या काचेआड हिमालयाच्या पायथ्याचा कोरडा हिवाळा चालू होता, त्याच्याही पलीकडे अँडीजमधलं धुकं. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, आणि आमरीइतकं नखरेल झाड शोधून सापडायचं नाही. ज्या शहरात माणसांनीच उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडणं सोडलं होतं आणि बाजार सूर्य मावळल्यावर भरत होते, तिथे जगभरच्या आमरी वाढवायच्या म्हणजे शुद्ध वेडेपणा. तो प्रा. दिगंबर उमाळकरांनी केला, आणि निवृत्त होताना आपल्या मुलीच्या, डॉ. मंजिरीच्या, गळ्यात घातला.

केंद्राची सारी मदार अधिवास-कक्षांवर होती. अधिवास-कक्ष म्हणजे कपाटाहून मोठी आणि खोलीहून लहान अशी काचेची जागा. आत झाड ठेवायचं आणि त्याच्या मूळ गावचं ऊन, वारा, दव, पाऊस त्याला घरपोच द्यायचा. प्रत्येक झाडाच्या पानावर एक पर्णनाडी चिकटवलेली असे. टिकलीएवढी ही पट्टी पानातले विद्युतप्रवाह आणि पर्णरंध्रांची उघडझाप सतत टिपत राही. झाडाला काय मानवतंय हे संगणकाला त्यावरून कळे आणि तो कक्षाचं हवामान त्याप्रमाणे बदले.

सगळ्या कक्षांतून वेळच्या वेळी फुलं येत. येत नसत ती फक्त सातव्या कक्षात. तिथे मौनी राहायची.

मौनी हे नाव अर्थातच उमाळकर सरांनी ठेवलेलं. दक्षिणेकडच्या समुद्रातल्या एका छोट्या बेटावरून त्यांनी रीतसर परवाना काढून एक शेंग आणली होती. आमरीचं बी धुळीसारखं असतं, आणि सोबतीला विशिष्ट बुरशी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. सरांनी ती बुरशी शोधली, काचेच्या चंबूत हजारो बिया पेरल्या, आणि त्यांतलं एकच रोप जगलं. तोवर बेटावरचा तो डोंगर एका खाणीने पोखरून टाकला होता. आता जगात या जातीचं हे एवढंच झाड उरलं होतं. त्याचं फूल सरांनीही पाहिलेलं नव्हतं. बेटावर पोचले तेव्हा फुलं झडून गेली होती, हाती लागली ती शेंग. एका संग्रहालयात दाबून वाळवलेलं फूल होतं, पण ते तपकिरी पडलेलं. मूळचा रंग कोणता, हे सांगू शकेल असं कोणी हयात नव्हतं.

"मॅडम, एक बावळट प्रश्न विचारू?" डॉ. तन्वीर काझीने विचारलं. तो यंत्रनियंत्रणाचा माणूस. कामठीचा, आणि केंद्रात नवीन.

"विचार. इथे त्याच प्रश्नांवर पगार मिळतो."

"मौनीला बेटावरचं सगळं देऊन राहिलो ना आपण? ऊन, पाऊस, समुद्राचा वारा. मग ती फुलत काहून नाही?"

मंजिरी हसली. हे समजावून सांगायला तिला मनापासून आवडायचं. "झाडाला काय आवडतं ते दिलं की झाड वाढतं, तन्वीर. फुलत नाही. ती हिमालयातली आमरी पाहिलीस? तिच्या गावी हिवाळ्यात पाऊस पडत नाही. लाडाने तिला हिवाळ्यात पाणी घातलं, तर फुलांच्या जागी नुसती पिल्लं, म्हणजे नवी रोपं, फुटतात. मलेशियातली एक आमरी आहे. वादळी पावसाने हवा एकदम गार झाली, की थोड्या दिवसांनी अख्ख्या गावातली झाडं एकाच सकाळी फुलतात. प्रत्येक गाव आपल्या झाडाकडून वर्षातून एकदा काहीतरी काढून घेतं. कुठे पाणी, कुठे ऊब. ते गेलं की झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही, आता बी धरायला हवं. म्हणून अधिवास शोधायचा म्हणजे ते गाव काय देतं एवढंच नाही शोधायचं. काय काढून घेतं ते शोधायचं."

"मग मौनीचं काय काढून पाहिलं?"

"सगळं. पाऊस तोडला. रात्री गार केल्या. ऊन कमी केलं, वारा थांबवला. तिने दरवेळी एक पान काढलं आणि गप्प बसली."

मंजिरीचं हसू इथे मावळलं. पान काढत होती हे खरं, पण दरवर्षीची नवी फूट आधीच्याहून बारीक येत होती. यंदाची तर करंगळीएवढीच होती. फूल यावं, त्याच फुलाचा पराग त्याला लावून शेंग धरावी, एवढीच काय ती या जातीची आशा होती. पुढच्या वर्षी फूल पेलायची ताकद या झाडात असेल, असं मंजिरीला वाटत नव्हतं. आणि बाबा ब्याऐंशीचे झाले होते.

ते आलेच. ऊन उतरलं की उमाळकर सर रोज केंद्रात येत. पांढरा सदरा, पायात चपला, काखेत त्या दिवशीचं वर्तमानपत्र. सातव्या कक्षात मौनीच्या अगदी जवळ त्यांची खुर्ची होती. तिथे बसून ते तिला पेपर वाचून दाखवत, आणि नुसता वाचून नव्हे तर शेरे मारत.

"ऐकलं का मौनी, महापालिका म्हणते फुटाळा तलावाचं पाणी पिण्यालायक झालं. महापौरांनी प्यावं आधी, मग आपण पाहू."

रोप चंबूतून बाहेर आलं तेव्हापासून हा नेम होता. आधी घरच्या टेबलावर, मग इथे. मोतीबिंदू काढला तेव्हाही काळा चष्मा लावून आले होते. मंजिरीची आई गेल्यापासून तर ती खुर्ची हेच त्यांचं घर झालं होतं. मुलगी कामात, बाप निवृत्त, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे रात्री जेवताना मौनीची खुशाली.

तन्वीर काचेबाहेर संगणकासमोर उभा होता. "मॅडम, सर आत बसलेत, पण हवेच्या नोंदीत काहीच हललं नाही. एवढ्याशा कक्षात माणूस श्वास घेऊन राहिला म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढायलाच पाहिजे."

"वाढतो. पण संगणक तो वजा करतो." मंजिरीने थोड्या अभिमानानेच सांगितलं. "मानवांश-गाळणी. मीच बसवली. दारावर ओळखपट्टी टेकवली की कोण आत गेलं ते कळतं, मग त्या माणसाचा श्वास, अंगाची ऊब, सगळं नोंदीतून काढून टाकायचं. मूळ अधिवासात आपण नव्हतो ना. आपली भेसळ कशाला?"

"नोंदीतून काढलं, पण झाडाला तर ते मिळतंच ना?"

 मंजिरीने खुर्ची ओढली आणि सरांच्या नावापुढची गाळणी बंद केली.

पडद्यावर मौनीचा कक्षात आल्यापासूनचा आलेख उलगडला. रोज संध्याकाळी कार्बन डायऑक्साइडची एक उंच टेकडी, जवळ जवळ एकाच वेळी. पावसाळा असो, उन्हाळा असो, टेकडी चुकलेली नव्हती. आणि पर्णनाडीची रेषा पाहून मंजिरीचा हात थांबला. ही रेषा टेकडीच्या थोडी आधी चढत होती.

"ती आधीच पर्णरंध्रं उघडते," मंजिरी हळू आवाजात म्हणाली. "दिवसभर तिची पानं तोंड मिटून असतात. पाणी वाचवायला. ऊन गेलं की उघडतात आणि कार्बन आत घेतात. नेमक्या त्याच वेळी बाबा तोंडाशी बसून बोलत असतात. रोज. ती त्यांची वाट पाहते, तन्वीर."

"म्हणजे तिच्या अंगात जो कार्बन आहे, तो बराचसा सरांच्या श्वासातला?"

"हो."

"मग तुमची बहीणच झाली की ती!"

मंजिरीला हसू आलं आणि रडूही. बेट मौनीने कधी पाहिलंच नव्हतं. जन्मल्यापासून तिचं गाव म्हणजे एक म्हातारा माणूस होता. आणि नियम तिला पाठ होता, दहा मिनिटांपूर्वीच तिने तो तन्वीरला सांगितला होता. ते गाव काय काढून घेतं?

हे बाबांना सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. त्यांच्या दिवसात एवढी एकच संध्याकाळ होती. पण चेहरा लपवणं तिला कधी जमलं नाही. काचेचं दार उघडून सर बाहेर आले, मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि आलेख वाचला. आयुष्यभर तेच तर केलं होतं त्यांनी.



"असं आहे तर," ते म्हणाले. "ती मला हाकलून राहिली."

"बाबा, हा नुसता अंदाज आहे."

"अंदाज नाही, बरोबर आहे. पाऊस तोडला, ऊन तोडलं, आणि मी मात्र रोज हजर. तिला कशाची उणीव म्हणून भासली नाही." त्यांनी काचेवर हात ठेवला. "सगळं देत बसलो गं मी. एवढी साधी गोष्ट मला कळू नये?"

"कळली असती तर येणं सोडलं असतं का तुम्ही?"

"आता सोडतो," ते म्हणाले, आणि मौनीकडे वळून न पाहता गाडीत जाऊन बसले.

पहिले काही दिवस सरांचे फार वाईट गेले. संध्याकाळ झाली की सदरा चढवायचा, चपला घालायच्या, दारापर्यंत जायचं, आणि परत येऊन चपला काढायच्या. शेजारच्या देवपुजारीकाकूंनी विचारलं, "सर, तब्येत बरी नाही का?" तर म्हणाले, "माझी बरी आहे, दुसऱ्या कोणाची सुधारायची आहे." जेवताना मात्र मंजिरीची उलटतपासणी होई. मुळांची टोकं हिरवी आहेत का? फुटीच्या बुडाशी फुगवटा दिसतो का? पानाच्या बगलेत भिंग लावून पाहिलंस का? नीट पाहिलंस का?

म्हणून मंजिरी नीट पाहू लागली. काम आटपलं की सातव्या कक्षात जायची, त्या खुर्चीत बसायची, भिंग घेऊन एकेक बगल तपासायची. बाबांसाठी काहीतरी चांगली बातमी न्यायची तिला घाई असे. बातमी नसली की उठवत नसे. मग ती मौनीशी बोलायची. "अगं, काल तू म्हणून मला हाक मारली त्यांनी. मंजिरीच्या जागी मौनी. दोन घास कमी जेवले. आता तरी मनावर घे ना." असं बोलता बोलता अंधार पडे.

उन्हाळा सरला. बुडाशी फुगवटा आला नाही. एक नवं पान मात्र आलं, टवटवीत.

पानाची बातमी ऐकून सरांनी हातातला घास ताटात ठेवला. "पान म्हणजे ती मजेत आहे. माझ्या जाण्याने तिचं काहीच बिघडलं नाही." "माझाच गैरसमज झाला, मंजू. मला वाटलं होतं, तिच्या लेखी मी कोणीतरी आहे. उद्यापासून येऊ का मी परत?"

 दुसऱ्या दिवशी मंजिरीने तन्वीरला नोंदी पुन्हा तपासायला सांगितलं. सरांच्या जागी आता सपाट रेषा होती. नियम चुकीचा होता म्हणायचा, किंवा आलेख.

तन्वीर कुरकुरला. "आलेख खोटा बोलत नसतो मॅडम. मी हवेच्या नळीतून कच्चे आकडे काढतो, संगणकाने काही वजा करायच्या आधीचे."

त्याने आकडे काढले. मग खुर्ची मागे सरकवून तो डोळे चोळत बसला.

"सर येत नाहीत हे नक्की ना?"

"घराबाहेर पडत नाहीत."

"मग ही टेकडी कोणाची?"

कच्च्या आलेखात रोज संध्याकाळी तीच टेकडी होती. उंची तेवढीच, वेळ जवळ जवळ तीच. आणि तिच्या आधी चढणारी पर्णनाडीची रेषाही तशीच. मंजिरीची कानशिलं तापली. गाळणी तिने सरांच्या नावापुढची बंद केली होती. स्वतःच्या नावापुढची बंद करायची, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रयोग करणारी माणसं स्वतःला प्रयोगात धरत नाहीत. संगणक रोज इमानेइतबारे तिचा श्वास वजा करत राहिला होता.

"मी," ती म्हणाली. "मी बसत होते. बाबांच्या खुर्चीत."

"म्हणजे मौनीच्या हिशेबी सर गेलेच नाहीत."

"झाडाला श्वास कळतो. कोणाचा, ते कळत नाही."

तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागातही मोठा दिलासा होता. बाबा चुकले नव्हते. तिने मौनीसाठी त्यांना घरी बसवलं, आणि त्यांच्या मायेपोटी स्वतःच जाऊन त्यांची जागा भरून काढली होती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर ती शेवटची फूटही पानं काढण्यातच संपली असती.

घरी जाऊन तिने सगळं सांगितलं. सर आधी अवाक झाले, मग इतके हसले की ठसका लागला.

"अगं, माझ्या जागेवर बसायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच. रोज जेवताना. भिंग लाव, नीट पाहा."

"खरंय. मी घरी बसून तुझ्या नाकाने श्वास घेत होतो म्हणायचं." डोळे पुसत ते म्हणाले, "चल, आता दोघंही हद्दपार."

सातवा कक्ष बंद झाला. पाणी घालायला आणि पुढे वेळ आलीच तर परागीकरणाला कक्षाच्या छतावरचा यांत्रिक हात होता, आणि तो तन्वीर बाहेरून चालवणार होता. मंजिरीला कित्येक वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळ रिकामी मिळाली. बापलेक समोरासमोर बसले, आणि काय बोलावं ते दोघांनाही कळेना. मौनीखेरीज त्यांच्याकडे विषयच नव्हता. शेवटी सरांनी पेपर उघडला आणि एक बातमी वाचून महापालिकेला शिव्या घातल्या. मंजिरीने महापालिकेची बाजू घेतली. तासभर भांडण झालं. दुसऱ्या संध्याकाळी मंजिरीने गोळाभात केला. सरांनी सांगितलं की तुझी आई वरून तेल गरम घालायची, गार नाही, आणि मग आईविषयी इतकं बोलले की मंजिरीने यातलं निम्मंही कधी ऐकलं नव्हतं. या सगळ्या गोष्टी मौनीने ऐकलेल्या असणार, असं मनात येऊन तिला त्या झाडाचा किंचित हेवा वाटला.

श्रावणात एका सकाळी उजाडता उजाडता तन्वीरचा फोन आला. "मॅडम, सरांना घेऊन या. फूल आहे."

मौनीचं फूल सकाळी उमलून दुपारी मिटणारं निघालं. दोघं पोचले तेव्हा यांत्रिक हाताने परागीकरण आटोपलं होतं. सर काचेशी गेले आणि सवयीने श्वास रोखून उभे राहिले.

"आता घ्या श्वास, सर," तन्वीर म्हणाला. "पराग लागला की तिला काही फरक पडत नाही. आत जा खुशाल."

फूल पिवळं होतं. फिकट, पिकल्या लिंबाच्या आतल्या सालीसारखं, आणि ओठाशी एक जांभळी रेघ. वास मंद होता, थोडासा वेलचीचा. सर त्याच्यासमोर उभे राहून रडले आणि कोणाची पर्वा न करता रडले. मंजिरीने त्यांचा हात धरला.

बाहेर आल्यावर तन्वीरने त्यांना पर्णनाडीचा आलेख दाखवला. कक्ष बंद केल्यानंतरही ती रेषा रोज संध्याकाळी चढत होती. समोर टेकडी नव्हती, कोणी आलेलं नव्हतं, तरी चढत होती. कितीतरी दिवस. हळूहळू तिची चढण कमी होत गेली, आणि एका संध्याकाळी ती चढलीच नाही.

"त्याच आठवड्यात कळी दिसली," तन्वीर म्हणाला. "उमलेपर्यंत सांगितलं नाही, तुम्ही दोघं धावत आत गेले असते."

"वाट पाहणं सोडलं तिने," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तन्वीरने आलेख मिटला. "शेंगेतून लाखो बिया निघतील. ती रोपं आपण बेटाच्या हवेत वाढवू. त्यांना पाऊस द्यायचा आणि वर्षातून एकदा पाऊस काढून घ्यायचा. माणूस नको. पण मौनीचं काय करायचं? ती यातून सावरली आणि तिला पुन्हा फुलवायचं असेल, तर काहीतरी काढून घ्यावं लागणार. आता काढण्यासारखं तिच्याजवळ उरलंच नाही."

मंजिरीला ते कळायला एक क्षण लागला. सरांना आधीच कळलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मला यावं लागणार," ते म्हणाले. "उद्यापासून रोज."

"यायलाच पाहिजे सर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मग तुम्हाला हाकलू."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

परतताना गाडीत सर खुशीत होते. खिडकीबाहेर बघता बघता मध्येच म्हणाले, "मंजू, एक वर्ष असं येईल की तुम्हाला मला हाकलावं लागणार नाही. मी आपणहूनच यायचा बंद होईन. त्या वर्षी मौनी फार छान फुलेल. तेवढं एक कर, त्या वर्षी आत जाऊन बसू नकोस."



"बसणार," मंजिरी म्हणाली.

"अगं, मग फूल नाही येणार."

"नाही आलं तर नाही आलं."